उंबरठा आणि साक्ष : १८९७च्या प्लेगविषयक संहितांचे एक वाचन

१

साथीच्या काळात नागरी स्वातंत्र्य आणि सार्वजनिक आरोग्य यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न बहुधा तराजूच्या रूपकातून मांडला जातो. एका पारड्यात व्यक्तीचे स्वातंत्र्य, दुसऱ्यात समूहाचे आरोग्य. पारडी समतोल राहिली की न्याय झाला, असे हे रूपक सुचवते. विधिज्ञाला व प्रशासकाला ते सोयीचे असेल. परंतु रूपकांची चिकित्सा हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी ते तपासल्यावाचून स्वीकारणे उचित नव्हे. तराजूमागे दोन गृहीतके असतात. तोलायच्या वस्तू एकाच मापाने मोजता येतात, हे पहिले. आणि तराजू धरणारा हात स्वतः तोलला जात नाही, हे दुसरे. साथीच्या संदर्भात ही दोन्ही गृहीतके संशयास्पद ठरतात. दुसरे तर विशेषच.

१८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने निर्माण झालेल्या काही संहितांचे वाचन करून प्रस्तुत लेखात असे मांडायचे आहे की, साथनिवारणाच्या उपायाची न्याय्यता केवळ त्याच्या सौम्यतेवरून वा कठोरतेवरून ठरत नाही. तो उपाय ज्यांच्यावर लादला जातो, त्यांच्या कथनाला तो कोठे जागा ठेवतो, यावर ती मुख्यतः अवलंबून असते. ‘संहिता’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने योजला आहे. कायदा, अहवाल, अग्रलेख, माफी, तुरुंगातले आत्मकथन आणि कथा या सर्वांचा त्यात अंतर्भाव होतो. या संहिता एकमेकींना उत्तरे देतात, एकमेकींना खोटे पाडतात आणि काही वेळा एकमेकींच्या मौनात सहभागीही होतात. हा शेवटचा प्रकार आपल्याकडे फारसा लक्षात घेतला गेलेला नाही.

२

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा आहे. पहिले कलम नाव व व्याप्ती सांगते. दुसरे शासनाला, प्रचलित कायदे अपुरे वाटल्यास, आवश्यक वाटतील ते उपाय योजण्याचा व नियम करण्याचा अधिकार देते. तिसरे अवज्ञेला शिक्षा ठरवते. चौथे कायद्यानुसार केलेल्या किंवा सद्भावनेने करू पाहिलेल्या कोणत्याही कृतीबद्दल दावा दाखल करण्यास मनाई करते.

संहिता म्हणून या कायद्याकडे पाहिले तर त्यात काय आहे यापेक्षा काय नाही, हे अधिक बोलके आहे. ‘धोकादायक साथीचा रोग’ म्हणजे काय, याची व्याख्या त्यात नाही. उपाय किती काळ चालावेत, याची मर्यादा नाही. उपाय ज्याच्यावर होतो त्याने कोणाकडे दाद मागावी, याचा उल्लेख नाही. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर या संहितेत कर्ता एकच आहे. बाकी सारे कर्मपदी आहेत आणि कर्माला वाचा नाही. ‘सद्भावना’ हा कायद्यातील एकमेव नैतिक शब्द. तोही कर्त्याच्याच संरक्षणासाठी आलेला आहे.

या कायद्यामागील वैद्यकीय ज्ञानाची अवस्थाही ध्यानात घ्यावयास हवी. प्लेगचा जंतू १८९४मध्ये हाँगकाँग येथे ओळखला गेला होता. परंतु उंदरावरील पिसवांतून रोग पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवले ते १८९८मध्ये, आणि त्या मताला सर्वमान्यता मिळण्यास आणखी काही वर्षे गेली. म्हणजे १८९७ साली जमिनी धुणे, भिंतींना चुना देणे, सामान जाळणे, माणसे उचलून छावणीत नेणे हे उपाय अपुऱ्या ज्ञानावर आधारलेले होते. अपुऱ्या ज्ञानावर कृती करणे हा गुन्हा नव्हे. साथ ज्ञान पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. पुढील दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात सुमारे एक कोटी माणसे प्लेगने मेली, हे विसरून १८९७च्या अधिकाऱ्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे. पण ज्याचे ज्ञान अपुरे आहे त्याला आपल्या उपायाचा परिणाम काय झाला हे ऐकण्याची गरज इतरांहून अधिक असते. या कायद्याने हे ऐकण्याचे दार बंद केले, हा त्याचा सर्वांत मोठा दोष होय. हा दोष केवळ नैतिक नाही. तो ज्ञानव्यवहाराचाही दोष आहे.

३

पुण्यातील प्लेग कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या देखरेखीखाली १३ मार्च १८९७पासून घरझडत्या सुरू झाल्या व मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालल्या. जवळपास नऊशे लष्करी माणसे या कामावर होती. घरांत शिरून रोगी शोधणे, माणसांची अंगतपासणी करणे, रोग्यांना रुग्णालयात व त्यांच्या निकटवर्तीयांना छावणीत नेणे, सामानसुमान नष्ट करणे, असा हा कार्यक्रम होता. या कामाचा रँड यांचा अहवाल हा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा पाठ आहे. स्त्रीच्या शालीनतेचा हेतुपुरस्सर अपमान झाल्याची विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे वा सैन्याच्या अधिकाऱ्यांकडे आलेली नाही, याबद्दल त्यात समाधान व्यक्त केले आहे.

या विधानातील दोन विशेषणांकडे पाहावे. अपमान ‘हेतुपुरस्सर’ असावा लागतो. म्हणजे अपमान झाला की नाही हे ठरवण्याचा अधिकार अपमानिताकडून काढून घेऊन अपमान करणाऱ्याच्या अंतःकरणाकडे सोपवला आहे. तक्रार ‘विश्वासार्ह’ असावी लागते. म्हणजे ती कोणी केली, कोणत्या भाषेत केली आणि ती ऐकणाऱ्याला पटली की नाही, यावर तिचे अस्तित्वच अवलंबून आहे. कायद्यातील ‘सद्भावना’ आणि अहवालातील ‘हेतुपुरस्सर’ हे शब्द एकाच व्यूहाचे आहेत. कर्त्याचा हेतू हेच दोहोंत अर्थनिर्णयाचे अंतिम प्रमाण आहे. समीक्षाव्यवहारात आपण लेखकाच्या हेतूला प्रमाण मानण्याविषयी पुष्कळ वाद घातले आहेत. ज्यांच्या घरात सोजीर शिरले होते, त्यांच्यासाठी तो वाद सैद्धांतिक नव्हता.

आता दुसऱ्या बाजूच्या संहिता पाहू. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी आयोगापुढील साक्षीच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे सैनिकांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचाराचे आरोप जाहीरपणे मांडले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. ज्यांनी लिहिले होते ते उघडपणे पुढे येईनात. आणि ऑगस्ट १८९७मध्ये गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग बहुधा सत्यनिष्ठेचा वा भीरुतेचा नमुना म्हणून सांगितला जातो. सांगणाऱ्याच्या पक्षानुसार निष्कर्ष बदलतो. पण येथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे. साक्षीदार पुढे का आले नाहीत?

सरकारची धास्ती हे एक उत्तर आहे, परंतु ते पुरेसे नाही. पुण्यातील तक्रारीची भाषा प्रामुख्याने उंबरठ्याची भाषा होती. परका पुरुष उंबरठा ओलांडून आत आला, देवघर विटाळले, सोवळे मोडले, स्त्रीला हात लागला. ही भाषा खोटी नव्हती. तिच्यामागील अपमान खराच होता. पण या भाषेत स्त्री ही अब्रूची जागा आहे, कथनाची कर्ती नाही. आपल्यावर काय गुदरले हे तिने नाव देऊन सांगणे म्हणजे तीच अब्रू चव्हाट्यावर मांडणे. म्हणजे दुसऱ्यांदा उंबरठा ओलांडणे. ज्या मूल्याच्या भंगाबद्दल तक्रार होती, तेच मूल्य तक्रार करू देत नव्हते. रँड यांच्या अहवालाला विश्वासार्ह तक्रार आढळली नाही, याचे श्रेय एकट्या कमिटीच्या बहिरेपणाला देता येणार नाही. शहराच्या मौनानेही तिला साथ दिली. शासनाची संहिता आणि प्रतिष्ठित समाजाची संहिता या परस्परविरोधी असूनही येथे एका जागी मिळतात, आणि त्या जागी एक स्त्री उभी असते, जिचे म्हणणे दोन्हींत नोंदले जात नाही.

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाईंचे पत्र वेगळे ठरते. मे १८९७मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ला लिहून, आपल्या संस्थेतील मुलीला प्लेगच्या रुग्णालयात नेल्यावर काय घडले, याविषयी स्वतःच्या नावाने तक्रार केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ती साफ चुकीची व दिशाभूल करणारी ठरवली. रमाबाई विधवा, धर्मांतरित आणि पुण्याच्या ब्राह्मणवस्तीच्या दृष्टीने उंबरठ्याबाहेरच्या. कदाचित म्हणूनच त्यांना बोलता आले. उंबरठ्याने जिला आधीच बाहेर काढले आहे तिला त्याचे भय उरत नाही. पण त्यामुळेच, शहर एका आवाजात बोलत होते त्या वेळी, तिच्या साक्षीमागे शहर उभे राहिले नाही.

४

लोकमान्य टिळकांची भूमिका आज आठवते त्यापेक्षा गुंतागुंतीची होती. प्लेगनिवारणासाठी उपाय हवेत, रोग्यांचे विलगीकरण हवे, हे ‘केसरी’ने नाकारले नाही. टिळक शहर सोडून गेले नाहीत. गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली आणि हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला. त्यांचा आक्षेप अंमलबजावणीच्या रीतीला होता. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच मेले, रँड ३ जुलैला. २७ जुलैला टिळकांना अटक झाली आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची शिक्षा.

या खटल्यात समीक्षकाने लक्ष द्यावे अशी गोष्ट ही की, तो प्लेगविषयक लेखनावरून चाललाच नाही. आरोप होता १५ जून १८९७च्या ‘केसरी’तील शिवाजी-उत्सवाच्या वृत्तांतावर आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेल्या एका कवितेवर. अफजलखानाच्या वधाविषयीची चर्चा, म्हणजे इतिहास. आणि एक स्वगत, म्हणजे काव्य. लेखन मराठी, खटला भाषांतरावर, आणि नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियन. निकालही सहा विरुद्ध तीन असाच लागला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ लावला. न्यायालयाने येथे रूपककथेचे वाचन केले आणि तिचा एकच अर्थ ग्राह्य धरला. आरोग्याच्या नावाने शरीरांचे विलगीकरण सुरू झाले होते. वर्ष संपण्यापूर्वी ते अर्थाच्या विलगीकरणापर्यंत पोहोचले. पुढच्याच वर्षी, १८९८मध्ये, राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक करण्यात आले.

साथनियंत्रणाचा अधिकार आणि अभिव्यक्तीवरील नियंत्रणाचा अधिकार हे दोन वेगळे विषय मानण्याची आपली सवय आहे. १८९७ ही सवय मोडते. संचारस्वातंत्र्य काही काळ स्थगित करणे साथीत आवश्यक ठरू शकते. विवेकी माणूस ते मान्य करतो, कारण साथीत माझा श्वासही दुसऱ्यासाठी धोका असतो आणि अशा वेळी स्वातंत्र्य ही माझ्या एकट्याच्या मालकीची वस्तू राहत नाही. पण संचार थांबला असताना बोलणेही थांबवले, तर उपाय चुकत आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही. पहिली स्थगिती दुसरीचे समर्थन ठरत नाही. उलट पहिली जितकी कठोर, तितकी दुसरी अक्षम्य.

तथापि प्रतिकाराच्या संहितेलाही आपण सूट देऊ नये. दामोदर हरि चापेकर यांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त केवळ प्लेगच्या जुलमाची कैफियत म्हणून वाचणाऱ्याची निराशा होते. त्यात सुधारकांवरील हल्ले आहेत, मुंबईत परीक्षेचा मंडप जाळल्याची कबुली आहे, धर्मरक्षणाचा आवेश आहे. प्लेग हे त्या दीर्घ क्रोधाचे शेवटचे निमित्त आहे. या आत्मवृत्तातील स्वातंत्र्य आणि आज आपण ज्याला नागरी स्वातंत्र्य म्हणतो ते, यांत सलग रेषा ओढणे इतिहासाला धरून होणार नाही. घरावरचा, देवावरचा, जातीवरचा हक्क हा व्यक्तीच्या हक्काचा पूर्वज असेलच असे नाही. पुष्कळदा तो त्याचा प्रतिस्पर्धी असतो. जातवार रुग्णालयांची मागणी त्याच काळातली आहे.

घरझडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या; मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले, असे सांगितले जाते. विलगीकरण येथेही आहे, स्पर्शही आहे. पण हा स्पर्श आज्ञेचा नाही आणि विटाळ मानणाराही नाही. १८९७च्या वादात स्पर्शाच्या दोनच कल्पना झुंजत होत्या : तपासणारा हात आणि विटाळणारा हात. उचलून नेणारा हात ही तिसरी कल्पना त्या वादाच्या परिघात आलीच नाही. ज्या वस्तीतून तो मुलगा आला, तिचे प्लेगविषयीचे कथन तर आपल्या अभिलेखात जवळजवळ नाहीच.

५

साथीच्या सत्ताव्यवहाराचा विचार करताना मिशेल फुको यांच्या ‘डिसिप्लिन अँड पनिश’मधील (मूळ फ्रेंच १९७५) प्लेगग्रस्त शहराचे वर्णन टाळता येत नाही. घराघराला कुलूप, खिडकीत उभे राहून हजेरी देणारे नागरिक, वरच्या दिशेने सरकणारी नोंद. शिस्तबद्ध समाजाचे ते स्वप्नचित्र होय. मात्र हे वर्णन सतराव्या शतकाच्या अखेरीच्या एका नियमावलीवर आधारलेले आहे. नियमावली वाचली की शहर निर्दोष दिसते. आज्ञा हीच घटना मानली जाते आणि आज्ञा व घटना यांमधील अंतर, जेथे माणसे जगतात व मरतात, ते अदृश्य होते. डेव्हिड अरनॉल्ड यांनी ‘कॉलोनायझिंग द बॉडी’ (१९९३) या ग्रंथात हिंदुस्थानातील प्लेगसंबंधी दाखवले आहे ते नेमके हे अंतर. विरोधामुळे, दंगलींमुळे व अपयशामुळे शासनाला काही वर्षांतच सक्ती सैल करावी लागली. १८९८च्या मार्चमध्ये मुंबईत झालेली दंगल हा त्यातील एक टप्पा. म्हणजे शेवटी ऐकले गेलेच. फक्त तक्रार ऐकली गेली नाही म्हणून दंगल ऐकावी लागली.

अभिलेखाला जे जमत नाही ते कथेला कधीकधी जमते. राजिंदरसिंह बेदी यांच्या ‘क्वारंटीन’ या उर्दू कथेचा निवेदक हा क्वारंटीनमध्ये काम करणारा डॉक्टर आहे. प्लेगपेक्षा क्वारंटीनच्या धास्तीने अधिक माणसे मरत आहेत, हे तो पाहतो. त्याच्या भोवती जीव धोक्यात घालून रोग्यांची सेवा करणारा भागू हा सफाई कामगार आहे. साथ ओसरल्यावर सत्कार होतो तो डॉक्टरचा. भागू बायको गमावून बसतो आणि तरीही अभिनंदनाला येतो. कथेचे सामर्थ्य भागूच्या थोरवीत नाही, निवेदकाच्या निवडीत आहे. उपाय राबवणाराच येथे स्वतःविरुद्ध साक्ष देतो. रँड यांच्या अहवालाच्या अगदी उलट अशी ही संहिता आहे. तेथे कर्त्याचा हेतू त्याला निर्दोष ठरवतो. येथे हेतू चांगला असूनही कर्ता स्वतःला दोषमुक्त करीत नाही. मात्र याही कथेत भागू स्वतः सांगत नाही. त्याच्याविषयी सांगितले जाते. ही मर्यादा केवळ बेदींची नाही.

६

१८९७चा कायदा मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात पुन्हा वापरात आला, आणि त्याची चार कलमे तोपर्यंत जवळजवळ तशीच होती. घरी विलग राहावयाच्या माणसांच्या हातावर शाईचा शिक्का मारला गेला. शरीर हेच नोंदवही झाले. शिक्का वाचणारे सर्व होते. ज्याच्या हातावर तो होता त्याला त्यावर काही लिहिता येत नव्हते. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली, तीही काही तासांच्या सूचनेने. ती नको होती असे म्हणणे घाईचे होईल. पण ज्यांच्यासाठी ‘घरी राहा’ या वाक्यातील ‘घर’ शेकडो मैल दूर होते, त्या मजुरांचे म्हणणे त्या आज्ञेच्या रचनेत कोठेच नव्हते. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, तेव्हा ते म्हणणे ऐकू आले. जॉर्जो आगंबेन यांनी त्या वर्षी सर्व नागरिक ‘नग्न जीवना’च्या पातळीवर आणले जात असल्याचे मत मांडले. आपल्याकडील अनुभव या ‘सर्व’ शब्दालाच आक्षेप घेतो. घरात बसून टाळेबंदीविषयी लिहिणारा आणि रुळावरून चालणारा, हे एकाच अर्थाने बंदिस्त नव्हते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अध्यादेशाने व सप्टेंबरमध्ये कायद्याने १८९७च्या संहितेत दुरुस्ती झाली. आरोग्यसेवकांवरील हिंसेला कठोर शिक्षा आली; ती आवश्यकच होती. परंतु विलग केलेल्या माणसाला दाद मागण्याची तरतूद त्या निमित्तानेही आली नाही. ती जागा न्यायालयांनी काही प्रमाणात भरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी तबलिगी जमातीच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द करताना, संकटात बळीचा बकरा शोधण्याच्या प्रवृत्तीवर बोट ठेवले. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले, आणि त्याच निर्णयात सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकारही मान्य केला. नऊ दिवसांनी, ११ मे रोजी, त्याच न्यायालयाने राजद्रोहाच्या कलमाचा वापर स्थगित ठेवला. १८९७मध्ये पुण्यात एकत्र आलेले हे दोन विषय सव्वाशे वर्षांनी पुन्हा शेजारी आले. बहुधा कोणाच्या लक्षातही न येता. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा राजद्रोह हा शब्द गेला. पण त्या अपराधाशी जवळीक असलेले कलम निराळ्या शब्दांत तीत आले आहे.

‘प्रमाणशीरता’ हा आजच्या न्यायशास्त्राचा शब्द तराजूच्याच कुळातला आहे, पण त्यात एक सुधारणा आहे. तराजू धरणाऱ्याला कारणे द्यावी लागतात, आणि कारणे मागणारा कोणीतरी समोर उभा आहे हे त्यात गृहीत असते. मागणारा उभा राहण्यासाठी मात्र त्याला बोलता आले पाहिजे, आणि त्याचे बोलणे विश्वासार्ह ठरवण्याचा मक्ता ज्याच्याविरुद्ध ते आहे त्याच्याकडे असता कामा नये. कायद्याच्या बाजूने हे काम दाद मागण्याच्या तरतुदीने व्हावयाचे आहे. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४च्या अहवालात या जुन्या कायद्याच्या फेरविचाराची शिफारस केलीच आहे. समाजाच्या बाजूने ते उंबरठ्याची भाषा बदलण्याने व्हावयाचे आहे, आणि ते अधिक कठीण आहे. गोखल्यांना पत्रे लिहिणारे पुढे आले नाहीत, यात शासनाचा दोष अर्धाच होता.

आपल्या व्यवसायापुरते बोलायचे तर, १८९७चा प्लेग मराठी साहित्येतिहासात रँडचा खून व टिळकांचा खटला यांच्या प्रस्तावनेसारखा येतो. तो स्वतंत्र वाचनविषय व्हावयास हवा. त्या काळची वृत्तपत्रे, नगरपालिकांची दप्तरे, मिशनच्या संस्थांतील पत्रे आणि स्त्रियांची आत्मकथने एकत्र ठेवून, कोणी काय सांगितले यासोबत कोणाला काय सांगता आले नाही, हे शोधावे लागेल. मुंढव्याच्या त्या मुलाचे काय झाले आणि त्याच्या वस्तीने प्लेगबद्दल काय म्हटले, हा प्रश्न तेथेही कदाचित अनुत्तरितच राहील. पण तो विचारणारी समीक्षा पुढील साथीचा अहवाल वाचताना ‘तक्रार आली नाही’ या वाक्यापाशी थांबेल.